चिठ्ठी लागत नाही

वस्तादांना दुखणं अंगावर काढायची हौस नव्हती. त्यांची अडचण वेगळीच होती. गल्लीतला एकुलता एक डॉक्टर त्यांचं गिऱ्हाईक होता, आणि नुसतं गिऱ्हाईक नव्हे, त्यांच्या सलूनची चालतीबोलती जाहिरात होता. दर रविवारी सकाळी समोरच्या दवाखान्याचं कुलूप काढायच्या आधी डॉक्टर सलूनमध्ये शिरायचे, खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटायचे आणि वस्तरा गळ्यावर फिरायला लागला की चक्क घोरायला लागायचे. बाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी हे बघायची. एवढा शिकलेला माणूस ज्याच्या हाताखाली झोपतो, त्याच्या हाताबद्दल शंका घ्यायची कुणाची बिशाद? आता अशा माणसापुढे जाऊन, "डॉक्टर, माझी बोटं ऐकत नाहीत हो," हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

बोटं ऐकत नव्हती हे मात्र खरं होतं. आधी करंगळी झोपल्यासारखी झाली, मग तिच्या शेजारचं बोट. मग मुंग्या. मग हातातला कंगवा आपोआप सुटायला लागला. वस्ताद तो पायानं बाजूला सारायचे आणि दुसरा उचलायचे, जणू पहिला टाकायचाच होता. कुणी बघितलंच तर साबणाच्या नावानं खडे फोडायचे. "हल्लीचा साबण म्हणजे नुसतं तेल!" एकदा डॉक्टरांच्याच कानामागे वस्तरा लागला. रक्ताचा ठिपका आला, वस्तादांनी घाईनं तुरटी फिरवली. डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले, "चला, अंगात रक्त आहे म्हणायचं अजून." बाकावरचे हसले, वस्तादही हसले.

घरी बायको होती, आणि तिच्यापुढे साबणाची सबब चालण्यासारखी नव्हती.

"अहो, शर्ट घालायचं का सोडलंत तुम्ही?"

"उकडतं."

"एवढ्या थंडीत?"

वस्ताद गोल गळ्याचा टी-शर्ट डोक्यातून खाली ओढत राहिले.

"बटणं लागत नसतील तर सांगा ना. मी लावून देते."

"हो, बटणं तू लाव! उद्या गिऱ्हाइकांच्या दाढ्याही तूच कर!"

असं ओरडल्यावर आपल्यालाच कसंतरी झालं हे त्यांनी तिला सांगितलं नाही. नवरे सांगत नाहीत. तिनंही मग विषय वाढवला नाही, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता सहज बोलल्यासारखं केलं, की बँकेच्या मागच्या इमारतीत एक फिजिओथेरपीवाली बाई बसते, आणि दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही'.

ती ओळ ऐकली आणि वस्तादांचा जीव भांड्यात पडला. चिठ्ठी नाही म्हणजे डॉक्टर नाही, डॉक्टर नाही म्हणजे बोभाटा नाही. चार दिवस शेक घ्यायचा, मालिश करून घ्यायचं, बोटं ताळ्यावर आली की कुणाला काही कळायचा प्रश्नच नाही. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते निघाले. जाताना दवाखान्याच्या खिडकीसमोरून गेले नाहीत, मागच्या बोळातून गेले, चोरासारखे.

खोली एकच होती. हिरव्या रेक्झिनचा पलंग, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले रंगीत रबरी पट्टे, कोपऱ्यात शेकायचं यंत्र. बाई त्यांच्या धाकट्या मुलीच्या वयाची असेल. वस्तादांना तिला ताई म्हणावं की मॅडम हे काही ठरवता येईना.

"खांदा धरलाय जरा," ते म्हणाले. "उभ्यानं काम असतं. तुम्ही आपला शेक द्या."

"देते ना काका. आधी जरा बघू द्या."

तिनं त्यांना मूठ भराभर उघडायला आणि मिटायला सांगितली. वस्तादांची मूठ जाम झालेल्या ड्रॉवरसारखी अडकत अडकत उघडली. मग तिनं त्यांचं मधलं बोट धरलं आणि नखाच्या टोकाला टिचकी दिली. अंगठा आपला आपण टुणकन आत वळला.

"मी नाही हलवला," वस्ताद म्हणाले.

"माहितीये. आता फरशीच्या या रेघेवरून चाला. पावलापुढे पाऊल, चिकटून."

पायांबद्दल तर त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. पायांना काय झालंय? ते ऐटीत निघाले, आणि तिसऱ्याच पावलाला असा झोक गेला की पलंगाची कड धरावी लागली. तिथं मात्र त्यांचं अवसान गळालं. बोटांचं ते जाणून होते. पायही गुपचूप फितूर झालेत, हे त्यांना आत्ता कळत होतं.

बाईनं शेकायच्या यंत्राचं बटण बंद केलं.

"काका, मी शेक देणार नाही. मालिशही नाही, आणि मानेला तर हातसुद्धा लावणार नाही. हे खांद्याचं दुखणं नाहीये. मणक्यातून नसांचा जो मुख्य दोर खाली जातो ना, तो मानेत दाबला जातोय असं मला वाटतंय. आतलं दाखवणारा मोठा फोटो, एमआरआय, काढावा लागेल. आणि लवकर."

"पण बाहेर लिहिलंय, चिठ्ठी लागत नाही."

"आत यायला लागत नाही. जाताना मी देतेय, ती घेऊन डॉक्टरकडे जा. किती दिवसांचं आहे हे?"

"थोड्याच दिवसांचं."

"खरं सांगा."

"मागच्या उन्हाळ्यापासून."

तिनं चिठ्ठी लिहायला घेतली. ती रागावली असती तर वस्तादांना बरं वाटलं असतं.

शहाणा माणूस तिथूनच दवाखान्यात गेला असता. वस्तादांनी चिठ्ठी टॉवेलांच्या कपाटात ठेवली आणि मनाची समजूत घातली की पोरगी नवी आहे, घाबरट आहे. बायकोनं विचारलं तेव्हा "देते म्हणाली शेक" एवढं सांगून त्यांनी कूस बदलली. भीती माणसाला किती खोटं बोलायला लावते! आणि ही भीती मरणाची नव्हती. वस्तरा खाली ठेवावा लागेल, मग आपण कोण उरणार, याची होती.

रविवार आला. डॉक्टर आले, बसले, मान मागे टाकली. वस्तादांनी फेस लावला, एक गाल साफ केला, दुसऱ्याकडे वळले. वस्तरा गळ्याशी नेला आणि अंगठा टुणकन आत वळला, तसाच, त्या खोलीत वळला होता तसा. पातं कातडीपासून केसभर लांब होतं. वस्तादांनी वस्तरा फळीवर ठेवला.

"डॉक्टर, आज नाही जमणार."

घोरणं थांबलं. वस्तादांनी टॉवेलांखालून चिठ्ठी काढून पुढे केली. अर्ध्या चेहऱ्यावर फेस घेऊन डॉक्टरांनी ती वाचली, परत वाचली. डॉक्टरांनी स्वतःच टॉवेलनं तोंड पुसलं. "चला समोर," ते म्हणाले.

दवाखान्यात त्यांनी वस्तादांच्या गुडघ्यावर हातोडी आपटली. पाय टेबलाला लागेल इतका उडाला. डॉक्टर खुर्चीत बसून राहिले.

"मला दिसत होतं, वस्ताद."

"काय दिसत होतं?"

"कंगवे पडायचे ते. दारातून जाताना चौकट धरायचात ते."

"तुम्ही तर घोरत असायचात!"

"सोंग होतं. गेले कित्येक रविवार मला त्या खुर्चीत झोप लागलेली नाही."

वस्तादांचा चेहरा लाल झाला. "मग बोलला का नाहीत? डॉक्टर आहात की शोभेची बाहुली?"

"काय बोलणार होतो? मी यायचं बंद केलं असतं तर बाकावरचा एक माणूस आत आला नसता. दुकान बसलं असतं तुमचं. म्हटलं, आपण होऊन सांगतील. म्हटलं, हाताचीच एखादी नस असेल." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "माझी मीच समजूत काढली."

वस्तादांना खूप काही बोलायचं होतं. पण स्वतः बोळातून चोरासारखा गेलेला माणूस दुसऱ्याला काय सुनावणार? दोन भले गृहस्थ एकमेकांची अब्रू सांभाळत बसले आणि तेवढ्यात हात गेला. इतकं साधं होतं ते, आणि तितकंच वाईट.

पुढचं भराभर झालं. फोटो निघाला, आणि तो घेऊन डॉक्टर स्वतः वस्तादांबरोबर आणि त्यांच्या बायकोबरोबर गेले. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी तो उजेडात धरला आणि सांगितलं की ऑपरेशन करायलाच हवं, नाहीतर पायही जातील. आहे तेवढं टिकवायला बघू. गेलंय ते परत येईल असं वचन देता येत नाही. वस्तऱ्याचं काम मात्र विसरा.

"आधी आलो असतो तर?" हा प्रश्न बायकोनं विचारला.

"आधी आला असतात, तर मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे, आणि ती भरतीचे कागद करायला खिडकीशी गेली. दोघे बाहेरच्या बाकावर बसले. समोरून कुणीतरी रिकामी चाकाची खुर्ची ढकलत नेली.

"चूक माझी आहे, वस्ताद," डॉक्टर म्हणाले.

"सगळी नका घेऊ. अर्धी राहू द्या मला."

हसण्यासारखं होतं, पण हसलं कुणी नाही. डॉक्टरांनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरला. किती घट्ट, ते वस्तादांना कळलं नाही. त्यांची नजर खाली गेली तेव्हा डॉक्टरांची बोटं पांढरी पडलेली दिसली.