माझ्यापुरता पुसलेला मेल

मेहुण्याला पाठवायचा मेल मी मुलाच्या वडिलांनाच पाठवला. झालं असं की, करमाडची मंडळी रविवारी आमच्या मुलीला बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या वडिलांनी मेलनं पत्रिका धाडली. आमच्याकडं मामाला विचारल्याशिवाय सोयरीक पुढं सरकत नाही, आणि मुलीचा मामा पाचोडला. पत्रिका त्याला पुढं पाठवायची, सोबत माझं मत लिहायचं, एवढंच काम होतं. मी 'फॉरवर्ड'ऐवजी 'रिप्लाय' दाबलं. मत मात्र सढळ हातानं दिलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि वडिलांच्या बोलण्याबद्दलही दोन शब्द. रविवारी विहिरीला पाणी कसं लागलं ते सांगता सांगता त्यांनी आमचे पोहे दोनदा गरम करायला लावले होते.

चूक लक्षात आली तशी मी 'सेंट' उघडलं. मेल सगळ्यात वर होता. डिलीट केला, मग ट्रॅशमधूनही उडवला. इथून गेला म्हणजे तिथूनही गेला, अशी माझी पक्की समजूत. हुश्श करून चहा मागितला आणि फुशारकीनं ही हुशारी मुलीला सांगितली.

"पप्पा, ती तुमची प्रत होती," ती म्हणाली. "त्यांची त्यांच्या इनबॉक्समध्ये आहे. पाठवल्या पाठवल्या अनडू केलं असतं तर थांबला असता."

"मग आता?"

"आता काय, वाचला असेल त्यांनी."

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणणारी ही पोर या मुलाला पहिल्यांदा हो म्हणाली होती.

"नेमकं काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

मला सांगता येईना. बोलके लिहिलं होतं की बडबडे? का त्याहून काही? बघायला सेंटमध्ये गेलो, तर तिथं मीच साफसफाई केलेली. माझे शब्द आता फक्त करमाडला होते.

"माझ्या भावाशी कसं बोलता ते माहितंय मला," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "बडबडेच असंल."

शेवटी फोन लावला. माफी तरी कशाची मागायची? "मेलमध्ये जे काय लिहिलं असेल, त्याबद्दल…" असं काहीतरी पुटपुटलो. ऐकताना मलाच कसंतरी वाटलं.

"वाचलं मी," तिकडून आलं. मग, "बरं, ठेवतो."

मुलगी समोरच उभी होती. "काय म्हणाले?"

"काहीच नाही."

ती आत गेली. मी फोन हातात धरून तसाच बसलो. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या करमाडला जाऊ. ते पहिल्यासारखे बोलायला लागले, तर पोरीचं जमलं समजा. अन् तुम्ही मधे तोंड उघडायचं नाय. नुसतं व्हय म्हणायचं."