बुद्धप्रियाची खोली अन् सासूचे गुडघे

आमच्या कंधारात दवाखान्यातून सुई न घेता परत आलेल्या माणसाला लोक विचारतात, "मग गेलता कशाला?" अशा गावात बुद्धप्रियानं निसर्गोपचार केंद्र काढलं, अन् पाटीवर काय लिहावं? 'येथे इंजेक्शन, सलाईन मिळत नाही.' मी म्हणलं, "अगं बाई, दुकान उघडायच्या आधीच कुलूप लावलंस की!" ती हसली. "वहिनी, मी डॉक्टर न्हाई. खोटं कशाला लिहू?"

खोली आमच्या घराची, पुढची. म्हणजे माझ्या सासूची, चांगुणाबाईची. मी अयोध्या, तिची एकुलती सून. घरात पान हलायचं तरी तिला विचारून. पाडव्याला बुद्धप्रिया खोली बघायला आली तर सासूनं आधी आडनाव विचारलं, मग गाव. आडनाव ऐकून कपाळाला आठी पडली. बुद्धप्रियानं तिच्याकडं सरळ बघून सगळं सांगितलं. मुदखेडची. आजी पारूबाई शेरभर जवारीवर बाळंतिणींचं अंग चोळायची, तिच्याजवळ बसून हात तयार झाला. मग लातूरला राहून निसर्गोपचार अन् योगाचं शिक्षण. मग नांदेडला एका केंद्रात नोकरी. तिथला मालक म्हणायचा, येईल त्याच्या गळ्यात पावडरीचा डबा मार. एका बाईला डबा नको व्हता, नीट झोप पाहिजे व्हती. बुद्धप्रियानं डबा विकला न्हाई, अन् नोकरीही सोडली.

"बोलायला लई पक्की हायस," सासू म्हणली. "मोबाईलवाला शिवशंकर ही खोली मागून राहिला. तू माझे गुडघे बरे कर. नवरात्रात माहूरगड माझ्या पायानं चढले तर खोली तुझी. न्हाईतर दसऱ्याला मोकळी कर."

माहूरची रेणुका आमचं कुलदैवत. दरसाल ओटी भरायची. पण सासरे धोंडप्पा गेल्यापासून सासू पायथ्याला बसून राहायची अन् ओटी घेऊन वर जायची मी. खाली आले की विचारायची, "देवी कशी दिसली गं?" सांगताना तिच्या तोंडाकडं बघवायचं न्हाई.

मी बुद्धप्रियाला बाजूला घेतलं. "नको नादी लागू. ही देवाचं बी ऐकत न्हाई."

"वहिनी, मला दुसरी खोली कोण देऊन राहिलंय?" ती म्हणली.

पहिल्या दिवशी तिनं गुडघ्याला हातच लावला न्हाई. सरकारी दवाखान्यातून गुडघ्याचा फोटो काढून आणायला लावला, बीपीची गोळी बंद केली तर याद राखा म्हणून दम दिला. मग नुसती विचारत बसली. जेवता कधी, झोप लागते का, दिवसभर काय करता, शेतात कधी गेलत्या.

सासू भडकली. "दुखतो गुडघा, अन् ही शेत विचारते!" बुद्धप्रियानं पुन्हा तेच विचारलं. तशी सासू म्हणली, "हे गेले तवापासून तिकडं पाऊल टाकलं न्हाई." अन् ढसाढसा रडली. त्यांच्या मातीलाही ती अशी रडली नव्हती. ओट्यावर बसून बसून तिच्या मांड्यांतली ताकद गेलती, अन् का बसली हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग सुरू झालं. मातीचा लेप, गरम पाण्याचा शेक, खुर्चीवर बसून पाय उचलायचे, दिवस मावळायला जेवायचं. अन् सकाळी शेताकडं चालायचं. आधी बांधापर्यंत, ते जमल्यावर विहिरीपर्यंत. सासू तोंडानं शिव्या द्यायची अन् पायानं चालायची.

पण तिला धीर कुठला! श्रावणात गल्लीतली एक म्हातारी म्हणली, बिब्बा घाल, हरणावानी पळशील. हिनं गुपचूप दोन्ही गुडघ्यांना बिब्बा घातला. सकाळी बघते तर लिंबाएवढे फोड! गल्लीत बोभाटा झाला, 'त्या पोरीनं चांगुणाबाईचे गुडघे जाळले.' बुद्धप्रियाकडं चार माणसं येत व्हती, तीही बंद. शिवशंकर तर टेप लावून खोली मोजून गेला, मेला कुठला!

बुद्धप्रिया आत एकटी बसलेली. डोळे लाल. "सामान बांधू का, वहिनी?"

माझं टाळकंच सरकलं. तडक सासूपुढं उभी राहिले. "आत्याबाई, बिब्बा कुणी घातला ते गल्लीला तुम्ही सांगता का मी सांगू?" त्या घरात एवढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. सासूनं मला खालून वर बघितलं. मग काठी टेकत ओट्यावर आली, लुगडं गुडघ्यावर घेतलं अन् भर गल्लीत ओरडली, "बघा गं सटव्यांनो! बिब्बा मी घातला, माझ्या हातानं! पोरीचं नाव घ्याल तर गाठ माझ्याशी हाय!"

बुद्धप्रियानं तिला ड्रेसिंगला नेलं. फोड बसेपर्यंत लेप बंद. पण सुट्टी न्हाई. "गुडघे भाजले काकू, मांड्या न्हाई. उचला पाय."

नवरात्रात आम्ही तिघी माहूरला गेलो. सासू एक पायरी चढायची, दम खायची, मग दुसरी. मी हात द्यायला गेले तर फटकन मारला. बुद्धप्रिया मागं, हात न लावता. अर्ध्यात सासू मटकन बसली. घामाघूम. माझा जीव टांगणीला, बुद्धप्रियाचं तर तोंड पांढरं पडलं. पण बोलली शांतपणे, "काकू, बांध मागं राहिला. आता विहीर."

सासू उठली.

देवीची ओटी तिनं स्वतःच्या हातानं भरली. मी रडले, लाजले न्हाई. बुद्धप्रिया बाहेर सावलीत थांबली व्हती. सासू म्हणली, "तिला आत ओढू नको, तिचा धर्म तिच्यापाशी. खोबऱ्याचा तुकडा दे, चढून भूक लागली असंल."

खाली पायथ्याला सुनांच्या हाती ओट्या देऊन बसलेल्या म्हाताऱ्यांची रांग व्हती. गेल्या साली आमची त्यातच बसलेली. सासू त्यांच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कंधारला या. सुई मिळत न्हाई, आधीच सांगते. अन् बिब्बा घालून याल तर दारातून परत पाठवीन!" बाया लागल्या पत्ता विचारायला.

येताना एसटीत बुद्धप्रियानं धीर करून विचारलं, "काकू, मग खोलीचं?"

"मोकळी कर," सासू म्हणली.

बुद्धप्रियानं मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"आठ दिवसांपुरती. शेजारच्या खोलीची मधली भिंत पाडायची हाय. एवढ्या बाया काय डोक्यावर बसवशील?"