वरशाला अकराच्या आत पोचायचं होतं

पेणहून निघायचं ठरलं ते ताईच्या फोनमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, रोह्याजवळ वरशाला राहणारी. "पोरगा मला मुंबईच्या इस्पितळात नेऊन श्वासाच्या मशीनवर ठेवणार. मला नकोय गो. उद्या अकराला अँब्युलन्स येणार, त्याच्या आत ये नि त्याला नाही म्हणून सांग. तुझ्या तोंडाला तो घाबरतो."

माझी गाडी जुनी. लगेच गॅरेजात नेऊन चार नवे स्पार्क प्लग टाकून घेतले. जुन्या इंजिनाला प्लगच्या टोकाशी फट कमी लागते. हे प्लग हल्लीच्या गाड्यांचे, त्यांची फट जास्त. "गॅप मोजून घ्या," मी म्हटलं. मिस्त्री हसला. "आजी, कंपनीतून सेट होऊनच येतात. तुम्ही सीरियल बघा." बाकावरची गिऱ्हाइकंही हसली. फट मोजायचा फिलर गेज माझ्या डिकीत होता. मी तो काढला नाही.

सकाळी नऊला निघाले. वडखळपर्यंत डोलवीच्या पोलाद कंपनीचे ट्रेलर. या रस्त्याने जाणार असाल तर अर्धा तास हाताशी ठेवा. नागोठण्यापर्यंत गाडी बरी चालली. सुकेळी खिंडीचा चढ लागला आणि ती धक्के खाऊ लागली. जेमतेम पलीकडे खांब गावाला उतरले आणि एका चहाच्या टपरीपुढे ती बंद पडली.

टपरीवाला कुवेतला ड्रायव्हर होता म्हणे. "पाना देव काय, बाय?"

"आत्ता नको. गरम इंजिनातून प्लग काढला तर आटे जातात."

"माजी बायको पन तशीच. गरम असली का हात लावायचा नाय."

"तिला माझा नमस्कार सांगा," मी म्हटलं.

पाऊण तास थांबले. भाचा फोन उचलेना. मग एकेक प्लग काढून, गेज घालून, टोक दगडावर हलकेच ठोकत फट शून्य पॉइंट सहा मिलिमीटरवर आणू लागले. अकराला ताईच्या सूनबाईचा फोन आला, "मावशी, अँब्युलन्स निघाली. आई तुमची वाट बघत होत्या." तिसरा प्लग हातात असताना सायरन वाजवत ती माझ्यासमोरून मुंबईकडे गेली. टपरीवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याला काय कळलं कोण जाणे.

चारही प्लग बसले, इंजिन एकदम गुळगुळीत चालू लागलं. तशीच मागे वळून मुंबई गाठली. तोवर ताईच्या घशात नळी होती आणि तिने ती ओढू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते. भाच्याला मी तोंडाला येईल ते बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, नळी घालू नका म्हणणं वेगळं. आता काढा म्हणून डॉक्टरांना तू सांगशील?"

मी सांगितलं नाही. ताई अकरा दिवस तशीच होती, मग गेली.

आता पेणला घरी आहे. भेटायला येणारे म्हणतात, "मुलाने काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही हो." मी चहा ठेवायला उठते.