सुमनच्या ओट्यावरच्या सदाफुल्या

कॉलनीत राहिलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. कारखान्यामागं चिपाडाचा ढीग वाढतो, तसे ते आपोआप वाढतात. ढोकीकडच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही अकरा वर्षं काढली; माझे मिस्टर तिथं लॅबमध्ये होते. निवडणुकांचे आणि संचालकांचे किस्से सांगणारे पुष्कळ भेटतील. मी आपली सदाफुलीचे सांगते. आणि सदाफुली म्हटलं की शेजारची सुमन आलीच.

*

पाऊस सलग दोन वर्षं रुसलेला. टँकर एक दिवसाआड. मी हौसेनं आणलेला गुलाब महिन्यात वाळला, तेव्हा सुमननं डालड्याच्या डब्यात सदाफुलीचं रोप लावून दिलं. तिचा नवरा उत्तम कारखान्यात फिटर. देताना म्हणाली, "वहिनी, हिचे लाड करू नका. लाडानं मरती ही."

मी कसली ऐकते! भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, सगळं पाणी तिलाच. पंधरा दिवसांत रोप मुळापासून कुजलं. लोक हंड्यासाठी भांडत होते आणि माझं झाड पाणी जास्त होऊन मेलं. मिस्टरांनी हे लॅबमध्ये सांगून टाकलं, मग काय, मला बाजारला जायची सोय राहिली नाही. सुमननं मात्र दुसरं रोप दिलं.

*

सुमन दर आठ-पंधरा दिवसांनी शेंडे खुडायची. त्यानं झाड बुटकं, घेरदार राहतं आणि फुलांनी भरतं. समोरच्या पाटीलकाकूंचा जीव हळवा. वाढत्याचा शेंडा मोडू नये म्हणून त्यांनी हातच लावला नाही. त्यांची सदाफुली कमरेला लागली, किडकिडीत, आणि फुलं मोजून तीन.

काकू तिच्याकडं बघत शांतपणे म्हणाल्या, "कारखान्याची हवा लागली हिला. ऊस व्हायलाय हिचा."

*

उसातून साखर किती निघते त्याला कारखान्यात उतारा म्हणतात. त्या साली पाण्याविना उतारा घसरलेला, सगळ्यांचे चेहरे पडलेले. अशात मिस्टर गेटवर कुणाला तरी म्हणाले, "सदाफुलीच्या पानांनी साखर उतरते म्हणे." ते ऐकीव गोष्ट सांगत होते, एका म्हाताऱ्याच्या रक्तातल्या साखरेची. शेतकी खात्याच्या गोविंदरावांनी अर्धंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन माणसं घेऊन आमच्या मागच्या बांधावर हजर. शेजारीच उसाचा प्लॉट, आणि बांधभर सुमनच्या सदाफुल्या. उपटायला सुरुवातही झाली होती. सुमन मधे जाऊन उभी राहिली.

"आण्णा, तुमचा ऊस सदाफुली खातो व्हय?"

"खात न्हाय, पण वारं तर लागतंय की."

मिस्टर बनियनवरच पळत गेले आणि रक्त वेगळं, रस वेगळा हे अर्धा तास समजावत बसले. उपटलेली रोपं सुमननं पुन्हा खोचली. बहुतेक जगली. गोविंदरावांनीही पुढं एक रोप मागून नेलं.

*

त्याच साली गावाकडं, जळकोटला, विहिरीला थेंब राहिला नाही म्हणून सुमनचे सासरे, आबा, इकडं राहायला आले. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलायची नाही, अशी जुनी रीत. दिवसभर घरात दोघंच. मग बोलायचं कुणाशी? सदाफुलीशी!

सुमन दारातून ओट्यावरच्या सदाफुलीच्या डब्याला सांगायची, "च्या झालाय म्हनावं." आबा ओट्यावरून त्याच डब्याला उत्तर द्यायचे, "आन म्हनावं. साखर लई नको." सकाळी पांढरी फुलं खुडून आबा उंबऱ्यावर ठेवायचे, ती उचलून सुमन बुद्धाच्या तसबिरीपुढं वाहायची. मला आधी हसू यायचं. नंतर नंतर मी माझी सुपारी कातरत मुद्दाम त्यांचं बोलणं ऐकत बसायची, इतकं ते गोड वाटायचं.

*

मे लागला की कॉलनीतल्या बायका माहेरी निघायच्या. जाताना प्रत्येकीची कुंडी सुमनच्या ओट्यावर. एका साली सतरा झाल्या. सुमनला माहेर नव्हतं. आई लहानपणी गेली, वडील बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता गेले. भाऊ नाही, बहीण नाही.

आम्ही परत आलो की ती एकेकीला बसवून विचारायची, माहेरी काय खाल्लं, आईनं न्हाऊ घातलं का, निघताना रडलात का. आम्हीही वेंधळ्या, रंगवून रंगवून सांगायचो. एकदा पाटीलकाकूंनी सहज विचारलं, "तू कधी जाणार गं?" सुमन म्हणाली, "मला कोन न्यायला येतंय, काकू?" आणि शेंडे खुडायला लागली. आबा ओट्यावरच होते. मला इतकं लाजल्यासारखं झालं की त्या दिवशी मी आणलेलं लोणचं तिच्या हातात देताना वर बघवेना.

*

पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं, आबा गावाकडं गेले. मग आला मे. मी कुंडी घेऊन सुमनकडं निघाले होते, तर दारात आबा. धुवट धोतर, डोक्याला फेटा, काखेत पिशवी. उत्तमची सुट्टी होती. त्यानं "जयभीम आबा, आत या की" म्हटलं, तर म्हातारा ओट्याखालीच उभा.

उत्तम चक्रावला. सुमन पाणी घेऊन दाराशी आली, तिलाही काही कळेना. आबांनी फेटा नीट केला आणि पोटच्या पोराला हात जोडले.

"जावईबापू, लेकीला आठ दिस माहेरी न्यायला आलोय. धाडता न्हवं?"

उत्तम बापाकडं बघत राहिला, मग बायकोकडं. ओट्यावरून खाली उतरून तो वाकला आणि बापाच्या पायाला हात लावून म्हणाला,

"न्या की, मामा."