लढाऊ बोटीतली खुर्ची

लढाऊ बोटींच्या खुर्च्या मी वाळूजच्या एमआयडीसीत बनवते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. संभाजीनगरात कुठला आलाय समुद्र? आमच्याकडचं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे जायकवाडी, तेही ज्या साली भरेल त्या साली. पण आमची कंपनी मूळची बस आणि ट्रॅक्टरच्या सीट बनवणारी. खुर्चीला खाली खड्डे आहेत की लाटा आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं, असं आमचे मालक म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. गंगापूरच्या आसपासच्या रस्त्यांनी त्यांच्या कमरेची पार वाट लावली. अजूनही पट्टा बांधल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. मी इंजिनिअर होऊन सीटच्याच कंपनीत लागले याचं त्यांना बरं वाटत होतं. पण कंपनीला बोटींचं काम मिळालं तेव्हा मात्र त्यांचा आनंद आवरेना. गंगापूरच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात ते रोज सकाळी जुन्या सोबत्यांबरोबर बसतात. तिथं त्यांनी जाहीर करून टाकलं, "आमची पोरगी लढाईचं जहाज बनवायलीय."

"अण्णा, जहाज नाय, जहाजातली खुर्ची," मी म्हटलं.

"तेच की. खुर्चीबिगर जहाज काय उभ्यानं चालवत्यात?"

गंमत म्हणजे, बरीच वर्षं तसंच चालवत होते. हे मला कळलं ते नौदलातून निवृत्त होऊन शिपयार्डात सल्लागार झालेले एक अधिकारी वाळूजला आले तेव्हा. रत्नागिरीकडचे, उंच, हळू बोलणारे. आम्ही सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. त्यांनी फळ्यावर किनारा काढला, खाडी काढली आणि म्हणाले, "मोठी युद्धनौका ही खोल पाण्याची. खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या मधे तिला येता येत नाही. आणि किनाऱ्यावर वाईट हेतूनं येणारा माणूस नेमका तिथूनच येतो, छोट्याशा होडीतून. त्याला गाठायला उथळ पाण्यात चालणारी आणि त्याच्यापेक्षा वेगानं पळणारी बोट लागते."

"म्हणजे मराठ्यांची गलबतंच की ही!" मालक म्हणाले.

"हो, कल्पना जुनीच. वेग नवा." कॅप्टनसाहेबांनी फळ्यावरच्या बोटीखाली लाट काढली. "आम्ही आधी सगळं लक्ष वेगाकडं दिलं. अंग ॲल्युमिनियमचं केलं. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागं फेकणारी यंत्रणा बसवली. पुढं मशीनगन आली. माणसं मात्र उभीच राहिली. मग लक्षात आलं, लाटेवरून उडून बोट खाली आपटते तेव्हा बोट टिकते, पण आतला माणूस टिकत नाही. तरणीताठी पोरं मणक्याचं दुखणं घेऊन किनाऱ्यावरच्या कामाला लागली."

आम्हाला बनवायची होती ती या आपटण्याची खुर्ची. मोटारसायकलला ज्याला आपण शॉकअप म्हणतो, तसाच एक मोठा शॉकअप खुर्चीखाली बसवायचा. धक्का त्यानं गिळायचा, पाठीपर्यंत जाऊ द्यायचा नाही. त्याचा सगळा हिशोब माझ्याकडं होता. शेडमध्ये आम्ही लोखंडी मनोरा उभा केला. धट्ट्याकट्ट्या खलाशाच्या वजनाइतकी वाळूची पोती खुर्चीला बांधायची आणि खुर्ची वरून सोडायची. दणका बसला की सगळी शेड हादरायची. धक्का मोजणारी कॉम्प्युटरवरची रेघ मात्र शहाण्यासारखी थोडीशी उठून खाली बसायची. त्या रेघेवर माझा फार जीव होता. तिचा फोटो काढून मी अण्णांनाही पाठवला होता.

चाचणीसाठी आम्ही कोकणात गेलो. बोट प्रत्यक्ष पाहिल्यावर मी थोडी बावरले. एवढीशी! आमच्या सिटी बसपेक्षा फार मोठी नसेल. नौदलाची एक समिती ती बघायला आली होती. खुर्च्यांमध्ये मोजमापाची यंत्रं बसवली होती, ती सांभाळायला आमचा एक सहकारी बोटीवर होता. एका खुर्चीत कंपनीचं माणूस बसावं असं ठरलं, तेव्हा मीच हात वर केला.

"मॅडम, याआधी समुद्रावर गेलाय ना तुम्ही?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"हो तर," मी म्हटलं. कॉलेजच्या सहलीत गेटवेपासून घारापुरीपर्यंत लाँचनं गेले होते, तेवढाच माझा समुद्र.

कॅप्टनसाहेब आणि समितीची माणसंही बोटीत होती. बंदराच्या आत मजाच वाटली. तोंडावर वारा होता, मागं पांढरा फेस. लाटा अडवणाऱ्या बांधाच्या बाहेर पडल्यावर सुकाणूवरच्या खलाशानं वेग वाढवला आणि पहिल्या मोठ्या लाटेवर बोट उचलली गेली. क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग ती आपटली. पोटातलं सगळं वरच राहिलं आणि अंग तेवढं खाली आलं असं वाटलं. मी दात आवळले. दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्यांदा खुर्चीनंच मला खालून लाथ मारल्यासारखं झालं, कमरेतून डोक्यापर्यंत कळ गेली, आणि मी स्वतःच्या मांडीवर ओकले.

इथंच सगळं थांबलं असतं तर ठीक होतं. बोटीवर नवखं माणूस ओकतंच, त्याचं कुणाला काही नसतं. पण मी ओरडायला लागले. "थांबवा! थांबवा!" पुढच्या खलाशाचं लाइफ जॅकेट मी मागून मुठीत धरलं आणि ओढलं. त्यानं वळून कॅप्टनसाहेबांकडं पाहिलं. त्यांनी हात वर केला आणि बोट थांबली. थांबलेली बोट तर जास्तच वाईट डोलते. समितीची माणसं, खलाशी, आमचा कंपनीतला सहकारी, सगळे माझ्याकडं बघत होते. आणि त्या सगळ्यांसमोर मी रडत म्हणाले, "मला घरी जायचंय."

पस्तिशी उलटलेली बाई. छातीवर कंपनीचा बिल्ला. मला घरी जायचंय.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं. एका खलाशानं बादलीनं समुद्राचं पाणी ओढून माझ्या पायाशी ओतलं आणि घाण धुऊन काढली. त्याचे बूट माझ्यामुळं भरले होते, तेही त्यानं गुपचूप धुतले. दुसऱ्यानं मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "क्षितिजाकडं बघा मॅडम, तिकडंच बघत राहा." मला बंदराच्या धक्क्यावर सोडून बोट परत निघायची होती, पण तोवर वारा वाढला आणि त्या दिवसाची चाचणी रद्द झाली. लांबून आलेली समिती आपल्या गाड्यांतून निघून गेली. माझ्या जवळून जाताना त्यातल्या एकानं मान तुकवली. त्या मान तुकवण्याची आजही मला लाज वाटते. एखाद्याच्या घरी दुःख झालं असावं तशी त्यानं ती तुकवली होती.

परतीच्या सगळ्या रस्त्यात मी गाडीच्या खिडकीला डोकं लावून झोपेचं सोंग घेतलं. सहकारी ड्रायव्हरशी हळू आवाजात बोलत होता. माझं नाव आलं की मी डोळे आणखी घट्ट मिटायची.

अण्णांना मी फोनवर टाळलं, पण त्या रविवारी गंगापूरला जावंच लागलं. ओसरीत पाऊल टाकलं न टाकलं तोच त्यांनी विचारलं, "चाललं का जहाज?"

मी सगळं सांगून टाकलं. ओकले ते, ओरडले ते, घरी जायचंय म्हणाले तेही. वाटलं, त्यांचा चेहरा पडेल. अण्णांनी मला शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून इतके हसले की आई आतून बाहेर आली.

"व्हय गं? समद्या सायबांपुढं?"

"अण्णा, हसू नका. माझी नोकरी जाईल."

"जात नाय. माझ्या गाडीत लोकं रोज ओकायची, येक तरी कामावरून काढलेला आयकला का?"

मला त्यांचा राग आला. त्याहून वाईट म्हणजे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस धरायला स्टँडवर गेले तर हॉटेलवाले काका भट्टीमागून ओरडले, "ताई, पोट बरं हाय ना आता? लई उसळलं म्हणं दर्याचं पाणी!" बाकड्यावरचे सगळे म्हातारे माझ्याकडं बघून मायेनं हसत होते. अण्णांनी सगळं सांगितलं होतं, अगदी खलाशाच्या बुटांसकट. ज्या कौतुकानं जहाजाचं सांगितलं होतं, त्याच कौतुकानं. मी मान खाली घालून बसमध्ये चढले. अण्णा खिडकीखाली येऊन उभे राहिले, बस हलेपर्यंत हात हलवत राहिले, आणि मी फोनमध्ये बघत राहिले.

कंपनीत यंत्रांची मोजमापं आली होती. इतर खुर्च्यांतले आकडे ठीक होते. माझ्या खुर्चीतले भयंकर होते. मी ते पुन्हा पुन्हा तपासले. खुर्चीत बिघाड नव्हता. दोष हा होता, की आमचा शॉकअप धट्ट्याकट्ट्या माणसासाठी ताठ केलेला होता आणि मी पडले काडी. माझ्या वजनाला तो दबतच नव्हता. उलट धक्का जसाच्या तसा वर फेकत होता. हलक्या अंगाचं कुणी त्या खुर्चीत बसेल, हा विचारच मी कधी केला नव्हता. शेडमध्ये त्या मनोऱ्याच्या शेजारी मी कितीदा उभी राहिले असेन, तरी माझ्या डोक्यात माणूस म्हणजे वाळूची तेवढीच पोती.

मालकांना हायसं वाटलं. शिपयार्डातल्या बैठकीच्या प्रेझेंटेशनमध्ये त्यांनी स्वतः एक ओळ घातली: 'हलक्या वजनाच्या व्यक्तीवर जाणीवपूर्वक चाचणी.' मी म्हटलं, "सर, असं नव्हतं ते." ते म्हणाले, "आकडे खरे आहेत ना? मग झालं."

बैठकीत ती ओळ पडद्यावर आली. कॅप्टनसाहेब समोरच होते. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, म्हणजे तुम्ही त्या दिवशी मुद्दाम बसला होतात?"

मालक माझ्याकडं बघत नव्हते. माझे कान गरम झाले होते.

"नाही सर. मला हे माहीतच नव्हतं. मी घाबरले म्हणून ओरडले."

"बरं," ते म्हणाले. चष्मा परत लावला. "मग ती ओळ काढा, आणि ही खुर्ची हलक्या माणसाला कशी चालेल ते सांगा. आता बोटींवर मुलीही येतायत."

एवढंच. रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. मालक परतीच्या वाटेवर फोनवर दुसऱ्यांशीच बोलत राहिले. मला वाटत होतं, आता तरी मन हलकं होईल. झालं नाही. उलट तो प्रश्न ऐकताना खोलीतल्या प्रत्येकाला मी परत बोटीवर रडताना दिसले असणार, हेच डोक्यात फिरत राहिलं.

मग आम्ही खुर्चीच्या बाजूला एक फिरवायची मूठ बसवली. बसणाऱ्यानं आपल्या वजनाप्रमाणं ती फिरवायची, म्हणजे शॉकअप तेवढा नरम होतो. वाळूची पोतीही आम्ही वेगवेगळ्या वजनांची शिवून घेतली.

दुसऱ्या चाचणीला मला जायचं नव्हतं. कुणी जा असंही म्हटलं नाही, आणि ते न म्हणणंच मला टोचलं. मी स्वतः विचारलं. कॅप्टनसाहेबांनी होकार दिला. मागच्या वेळचाच खलाशी सुकाणूवर होता. "नमस्ते मॅडम," म्हणाला आणि माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण पिशवी घेतली.

या खेपेला माझ्या शेजारच्या खुर्चीत नौदलाची एक तरुण महिला अधिकारी होती, चणीनं माझ्याएवढीच. तिनं हेल्मेट चढवलं, मूठ फिरवली, पट्टा आवळला. बांधाबाहेर गेल्यावर पुन्हा तेच उडणं, तेच आपटणं. लाथ मात्र बसली नाही. तरीही मी ओकले. पिशवीत ओकले, तोंड पुसलं, क्षितिजाकडं बघितलं, परत ओकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठरलेल्या सगळ्या फेऱ्या होईपर्यंत बोट थांबली नाही, कारण कुणी थांबवा म्हटलं नाही.

धक्क्यावर उतरल्यावर मी आधी कठडा धरला. ती अधिकारी मात्र तरतरीत होती. मी पिशवी पाठीमागं लपवत तिला विचारलं, "खुर्ची कशी वाटली?"

"कंबर एकदम ठीक आहे," ती म्हणाली. "मान दुखतेय पण. हेल्मेटचं वजन येतं ना."

पुन्हा काहीतरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मनोऱ्यावर पोती सोडली होती, पण पोत्याला मान कुठली असायला? चेहरा परत तापला. कॅप्टनसाहेब ऐकत होते, सहकारी ऐकत होता. मी पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नळावर हात धुऊन आले.

"कुठं दुखतंय, दाखवाल?"

तिनं वळून केस बाजूला केले. मी खांद्याच्या जरा वर अंगठा टेकवला. "इथं?"

"थोडं वर," ती म्हणाली. "हां, तिथंच."