दोन कॉलमांत बसलेला शब्द

जिल्ह्याची पानं आमच्याकडे संध्याकाळी सातला छपाईला सुटतात आणि पावणेसातला जाहिरात विभागाचा माणूस हमखास उगवतो. त्या दिवशीही उगवला. कुठल्याशा फ्लॅट स्कीमची जाहिरात आयत्या वेळी आली होती, तिला जागा हवी होती, आणि माझी चार कॉलमांची बातमी दोन कॉलमांवर आली. मी चिडले. चिडले की माझे हात भराभर चालतात, आणि तिथंच घात झाला.

बातमी साधी होती. पोलिसांची प्रेसनोट नेहमीच्या भाषेत होती. नाशिकमधील अंबड परिसरातील बांधकामावरील सात इसमांना कागदपत्रांच्या पडताळणीकामी बोलावण्यात आले असून, ते बांगलादेशी आहेत किंवा कसे, याची चौकशी सुरू आहे. या ‘इसम’ आणि ‘किंवा कसे’ची माणसांच्या मराठीत वाट लावणं हे डेस्कवरचं माझं निम्मं काम. मी आधी शीर्षक केलं होतं, ‘बांगलादेशी असल्याच्या संशयावरून सात कामगारांची चौकशी’. चार कॉलमांत ते ऐसपैस बसलं होतं. दोन कॉलमांत ते तीन ओळी खाऊन खालच्या मजकुरावर चढू लागलं. मग ‘संशय’ गेला, ‘चौकशी’ गेली, ‘कामगार’ गेले, आणि उरलं ‘अंबडला सात घुसखोर ताब्यात’. दोन ओळी, दोन्ही जवळपास सारख्या लांबीच्या. काय छान बसलंय, असं मी स्वतःशी म्हणाले. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

आणि याच शब्दावरून आदल्या महिन्यात मी मीटिंग गाजवली होती! एका सहकाऱ्याला ‘घुसखोर’च हवं होतं, बाकीचे शब्द त्याला गुळमुळीत वाटायचे. दुसऱ्याला ‘स्थलांतरित’ हवं होतं. मी म्हटलं, ऊसतोडीला जाणारासुद्धा स्थलांतरितच असतो की, वाचकाला काय कळणार? तिसऱ्यानं ‘निर्वासित’ काढलं, तेव्हा पहिला टेबलावर हात आपटून उठला. कोण कुठल्या पक्षाला मत देतो हे विचारावं लागत नव्हतं, कुठला शब्द उचलतो एवढं बघितलं की पुरे. शेवटी माझंच म्हणणं मान्य झालं. सिद्ध होईपर्यंत ‘संशयित’ लिहायचं आणि माणूस जे काम करतो ते लिहायचं. तो नियम माझ्याच अक्षरात डेस्कच्या काचेखाली लावलेला होता. लोकांना शिकवताना मी फार हुशार असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा फरशीवाला मिस्त्री आला नाही. घरात स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. गॅस हॉलमध्ये, डबे पलंगाखाली आणि निम्म्या जमिनीवर नवी फरशी, निम्म्या जमिनीवर रेती. मिस्त्री मूळचा बंगालमधल्या मालदा जिल्ह्याचा, पण नाशकात नऊ वर्षं काढलेला, बायको आणि लहान मुलगी इथंच. हात इतका सफाईदार की सासूबाई खुर्ची टाकून त्याचं काम बघत बसायच्या. त्या देवळ्याकडच्या. त्यांची अहिराणी त्याला कळायची नाही, त्याचं मराठी त्यांना अर्धं कळायचं, आणि दोघांच्या गप्पा तासन्‌तास चालायच्या.

“आज मिस्तरी का बरं उना नही?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काम धरलं असेल,” मी फणकाऱ्यानं म्हणाले. “सगळे एकाच माळेचे मणी.”

त्याचा फोन बंद होता. मी ठेकेदाराला लावला आणि तो काही बोलायच्या आत झाडायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, पेपर नाय वाचला का आज? तुमचाच तर पेपर हाय. काल दुपारून तो माझ्या अंबडच्या साइटवर होता, त्या सातांत तो पण हाय ना.”

रेतीच्या पोत्यावर पडलेला पेपर मी ओढून घेतला.

ठेकेदाराला मिस्त्रीपेक्षा वेगळीच काळजी होती. कागद पक्के आहेत, गावाकडून खात्री झाली की दोन दिवसांत सोडतील, म्हणाला. पण रूममालकानं सकाळी पेपर बघितला आणि मिस्त्रीच्या बायकोला सामानासकट बाहेर काढलं. मी पत्ता विचारून स्कूटर काढली.

मिस्त्रीच्या अंबडमधल्या चाळीसमोर त्याची बायको एका पत्र्याच्या पेटीवर बसलेली होती. शेजारी शेगडी, दोन बादल्या, गुंडाळलेली गादी, आणि गादीवर मुलगी झोपलेली. रूममालकाला चांगलं फैलावर घ्यायचं असं मी वाटेत ठरवलं होतं. पण तो निघाला कारखान्यातून रिटायर झालेला, साधा, जरासा भित्रा गृहस्थ. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पेपर पुढे केला. माझं शीर्षक त्यानं पेनानं अधोरेखित केलं होतं.

“मॅडम, उद्या मला कोणी विचारलं, घुसखोर ठेवले का म्हणून, तर मी काय सांगू? पेपरवाले काय उगाच लिहितील का?”

शीर्षक मी दिलंय, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी एवढंच म्हणाले, “आणि पेपरनंच उद्या लिहिलं, की हे इथलेच आहेत, तर?”

“तर माझं काय भांडण नाय,” तो म्हणाला. “छापून आलं पाहिजे फक्त.”

मिस्त्रीच्या बायकोला मी घरी चला म्हणाले. ती नाही म्हणाली. एका अनोळखी बाईबरोबर तिनं का यावं, बरोबरच होतं तिचं. ठेकेदारानं त्यांना आपल्या गोडाऊनमध्ये जागा दिली आणि मी ऑफिसला गेले.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची दुसरी प्रेसनोट आली. सातही इसमांची कागदपत्रे बरोबर आढळली, सर्वांना जाऊ देण्यात आले. ‘इसम’ वाचून मला पहिल्यांदाच त्या शब्दाबद्दल प्रेम वाटलं. पोलिसांनी पहिल्या दिवशीही त्यांना इसमच म्हटलं होतं. बाकीचं सगळं मी केलं होतं.

संपादक म्हणाले, “पान सहावर खुलासा घेऊ. सिंगल कॉलम.”

“तिथं रूममालक बघणार नाही.”

“कोण रूममालक?”

मग मी सगळं सांगितलं. काचेखालचा कागद, पावणेसातची जाहिरात, पेटीवर बसलेली बाई, सगळं. सांगताना आवाज चढला, आणि मध्येच रडूही आलं. मला ते मुळीच आवडलं नाही. “त्याच पानावर, त्याच जागी, त्याच टाइपात हवं,” मी म्हणाले. “आणि आज जाहिरात आली तर ती कमी होईल, बातमी नाही.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “चार कॉलम घ्या,” म्हणाले.

‘अंबडमधील सातही कामगार भारतीय, पडताळणीत स्पष्ट’. खाली चौकटीत, आमचं आधीचं शीर्षक चुकीचं होतं, दिलगीर आहोत. पान सुटलं तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि किती तरी वेळ नुसता श्वास घेत होते. एखादं दुखणं अचानक थांबावं तसं मोकळं वाटत होतं. सकाळी नऊ वाजता ठेकेदाराचा फोन आला. रूममालकानं स्वतः रिक्षा करून पेटी, गादी आणि मायलेकींना परत नेलं होतं. मी हॉलमधल्या गॅसवर सगळ्यांना शिरा केला. सासूबाईंनी मुकाट्यानं दोनदा घेतला.

सोमवारी मिस्त्री कामावर आला. चेहरा उतरलेला, पण हात तसाच सफाईदार. चहा देताना मी त्याला खरं सांगून टाकलं, की ते पहिलं माझंच काम. त्यानं बशी खाली ठेवली.  मग म्हणाला, “आणि दुसरं?”

“दुसरं पण मीच लिहिलं.”

“मंग त्याचे सात कागद द्या ताई. सगळ्यांना पाहिजेत.”

मी ऑफिसातून सात अंक आणून दिले. दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात ती बातमी होती, कापून, घडी करून, झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट केलेली. आता कुठंही कामाला गेलो की हे आधी दाखवायचं, म्हणाला. मला हसू आलं. म्हटलं, “अरे, आधार कार्ड आहे ना तुझ्याकडे? ते दाखव की. हा तर पेपरचा कपटा.”

“आधार तर त्या दिवशी पण होतं, ताई,” तो म्हणाला. “माझ्या बायकोनं रूमवाल्याच्या हातात दिलं होतं. त्यानं ते बघितलं नाय. त्यानं पेपर बघितला.”