थोरल्या घळीचं गेट नऊला उघडतं

नऊ वाजता म्हणे. वैशाखात आमच्या तीर्थपुरीला औताचे बैलसुद्धा नऊला सोडून सावलीला बांधतात, आणि हे लोक त्याच येळेला माणसं घळीत सोडतात. दोन पत्रं टाकली मी तिथल्या साहेबाला. उत्तर म्हणून काय आलं, तं नवा बोर्ड. त्याच्यावर काय लिहिलंय ते शेवटी सांगते. आधी सगळं ऐका, कारण तुमच्यातलं कुणीतरी यंदाच्या सुट्टीत तिकडं जाणारच. मी चौथी शिकलेली बाई. वहीत लिहिलं, भाचीनं कम्प्युटरवर चढवलं. एक अक्षर बदलू दिलं न्हाई.

मागच्या वैशाखात जायचं काढलं ते कौसानं. कौसा माझी धाकली जाऊ. पेपरात घळीचा फोटो आल्ता, तो तिनं कणगीला चिकटवला. "आक्का, माहेर पाह्यलं, सासर पाह्यलं, वावर पाह्यलं. चौथी जागा असती का न्हाई, बघू तं खरं." भिशीतल्या तिघी तयार झाल्या. रफिकभाईची जीप ठरली, दोन रात्रीचे माणशी चारशे.

दुपारी निघालो. जालन्यापर्यंत रस्ता बरा, पुढं खड्डे. केदारखेड्याला चहा घ्या, तिथून पुढं धड चहा न्हाई. भोकरदनच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला देवळाच्या ओसरीवर मुक्काम केला. ओसरीला पैसे पडत न्हाईत, पण अंथरूण आपलं न्यावं.

पहिल्या दिवशी धाकली घळ. तिला गेट न्हाई, तिकीट न्हाई. पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन उतरलो. दोन्ही अंगाला काळे कडे, मधी कोरडी नदी, पाय ठेवला की गोटे वाजायचे. तांबडं फुटलं तसा कड्याचा माथा उजळला, खाली आम्ही अजून गारव्यात. कौसानं कड्याला गाल लावला. "आक्का, रांजणावानी गार आहे बघा."

करवंदं तोडली, पदर भरला. साडेआठला वर येऊन लिंबाखाली भाकरी, ठेचा, कांदा. कौसा म्हणाली, "बावीस वर्षं झाली सासरी. सकाळच्या पारी नुसती बसले, असं आज पहिल्यांदाच."

"बस. पण सवय लावू नको," मी म्हणलं. सगळ्या हसल्या, ती जास्त.

दुसऱ्या दिवशी थोरली घळ. पाचला गेटावर पोचलो. लोखंडी गेट, साखळी, कुलूप. आत चौकीदार बाजेवर. त्यानं मान उचलून सांगितलं, "नऊला. बोर्ड वाचा."

"बोर्ड वाचला. ऊन कोण वाचणार?" मी म्हणलं.

कौसानं गोडीत घेतलं. "भाऊ, कुलूप तुमचं, चावी तुमच्या करदोट्याला. मंग अडलं कुठं?"

"पावतीपुस्तक साहेबाकडं आहे, ताई. साहेब नऊला येतात. विनापावती कुणी आत दिसलं तं माझी नोकरी जाईल."

बसलो चार घंटे. सावली न्हाई. पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते, एक तिथंच संपला. चौकीदार म्हणाला, "आत कुंडाला बारमाही पाणी आहे." रफिकभाई दोनदा येऊन गेला. "आपा, वापस चलो. ये धूप अच्छी नै." कौसा म्हणाली, "जाऊ द्या आक्का. काल पाह्यली तेवढी बरी होती."

मी ऐकलं न्हाई. म्हणलं, "चार घंटे काय गेटाचं तोंड बघायला बसलो?" हे माझं वाक्य. ते मी कुणावर ढकलत न्हाई.

सव्वानऊला आत गेलो. दहापर्यंत चाललं. मंग वारा पडला. तव्यावरची भाकरी पलटावी लागते, तिथं पलटायचं काम न्हाई, कडे दोन्हीकडून भाजतात. कुंडात भेगाळलेला गाळ आणि वर मधमाश्या. पाणी म्हणून न्हाई.

राह्यलेल्या कॅनमधलं पाणी कौसाच तांब्यानं वाटून राह्यली होती. मी विचारलं, "तू प्याली का?"

"प्याले की. तुमच्या मागंच."

न्हाई प्याली. आमच्या घरात धाकल्या सुनेनं सगळ्यांच्या मागून पाणी प्यायचं. सासूनं तसं लावलं, सासू गेल्यावर मी मोडलं न्हाई. मला ते बरं पडत होतं. त्या दिवशी सगळ्यांचं होईस्तोवर कॅनच रिकामा झाला, आणि ती बोलली न्हाई.

अकराला माघारी फिरलो तवा कौसा मधीच खाली बसली. अंग कोरडं ठक्क, घामाचा टिपूस न्हाई, हात लावला तं चटका. म्हणाली, "आक्का, गाय पाण्यावर न्यायची राह्यली." आमच्याकडं गाय न्हाई. तिच्या माहेरी होती, ती लहान असताना.

लुगड्याची झोळी करून चौघींनी तिला गेटापर्यंत आणलं. रफिकभाईनं जीप कशी हाणली त्यालाच माहीत. भोकरदनची घरं दिसायला लागली तवा तिचा हात माझ्या हातात जड झाला.

चौकीदार दहाव्याला आल्ता. दारातच उभा राह्यला. "आक्का, मी बराबर नऊलाच उघडलं व्हतं," म्हणाला. त्याला मी चहा दिला. त्याच्याशी माझं भांडण न्हाई.

तुम्ही जाणार असाल तं धाकल्या घळीत जा. साडेचारला उतरा, साडेआठला वर या. माणशी चार लिटर पाणी, डोक्याला ओला रुमाल. कुंडाचा भरवसा धरू नका. आणि पाणी वाटताना जी सगळ्यात मागं उभी राहते तिच्यापासून सुरू करा. ती प्याले म्हणली तरी डोळ्यांनी बघा.

फोटो अजून कणगीवर आहे. तांब्या मी वापरत न्हाई, पण रोज घासते. घरात आता पहिलं पाणी धाकल्या सुनेला, माझ्या सुनेला. ती लाजते, मी उभी राहून पाजते. उशिरा सुचलं.

आता तो नवा बोर्ड. दिवाळीत जाऊन पाहून आले. "उन्हात आत जाऊ नये. गेल्यास जबाबदारी आपली." त्याच्याच खाली जुनी ओळ तशीच, वेळ नऊ ते पाच.

साहेब, होळी झाली. अक्षय तृतीयेला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा करा भरतो. कौसाचा हा पहिला. उन्हाळ्यात गेट पाचला उघडणार का न्हाई, ते अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसापर्यंत सहीनिशी लिहून पाठवा. उघडणार असाल तं तिचा करा मी घरी भरीन. न्हाईतर त्या दिवशी पहाटे पाचला घेऊन येते, तुमच्या कुलपाखाली ठेवते, आणि तुम्ही नऊला येईस्तोवर तिथंच बसते. कुठं भरू, तेवढं कळवा.